आठ दिवस, पन्नास हजार किलोमीटर आणि एक छोटा भाग : जुन्या स्पोर्ट्स सेडानचा इतिहास आणि तिची निगा

🧵 #थ्रेड #मोटारींचा_इतिहास

१/ ऑगस्ट १९८३. दक्षिण इटलीत लेच्चे शहराजवळ नार्दो नावाचे गाव आहे. तेथे सुमारे साडेबारा किलोमीटर घेराची, पूर्णपणे वर्तुळाकार अशी मोटारचाचणीची धावपट्टी आहे. या पट्टीवर मर्सिडीज-बेंझच्या तीन मोटारी दिवसरात्र धावत होत्या. दिसायला चार दारांची, कुटुंबाला शोभेल अशी साधी सेडान. नाव १९० ई २.३-१६. लक्ष्य एकच : पन्नास हजार किलोमीटर, आणि तेही न थांबता म्हणावे अशा वेगाने.

२/ हे अंतर २०१ तास ३९ मिनिटांत पार पडले. म्हणजे साडेआठ दिवसांहूनही थोडे कमी. सरासरी वेग ताशी सुमारे २४७.९ किलोमीटर. इंधन भरणे, चालक बदलणे, टायर बदलणे हा सारा वेळ या सरासरीत धरलेला आहे. मात्र तीनपैकी एक मोटार मागे पडली. तिचे इंजिन फुटले नव्हते, चाकही निखळले नव्हते. ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरमधील एका लहानशा भागाने दगा दिला होता.

३/ मित्रहो, आजचा थ्रेड त्या लहानशा भागाविषयी आहे. अशा जुन्या स्पोर्ट्स सेडान आज जगभरातील हौशी चालक ‘ट्रॅक डे’ला घेऊन जातात. पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : हिची ताकद किती वाढवता येईल? या मोटारींचा इतिहास वाचला, तर त्याआधीचा प्रश्न दिसतो : आहे ती ताकद सोसण्याची हिची तयारी किती उरली आहे?

४/ आधी ‘ट्रॅक डे’ म्हणजे काय ते पाहू. ही शर्यत नव्हे. क्रमांक नसतो, बक्षीस नसते. चालकांचे गट पाडून प्रत्येक गटाला ठरावीक मिनिटे बंदिस्त धावपट्टीवर सोडले जाते. पुढच्या मोटारीला कोठे ओलांडायचे, कोठे नाही, याचे नियम आधीच सांगितलेले असतात. या कल्पनेचे एक जुने मूळ जर्मनीत सापडते. १९२७ मध्ये नुरबर्गरिंग खुले झाले, तेव्हापासूनच शर्यती नसलेल्या वेळी सामान्य माणसाला पथकर भरून तेथे आपली मोटार चालवता येत असे. त्यातील उत्तरेकडचे वळसे, म्हणजे नॉर्डश्लायफे, आज सुमारे २०.८ किलोमीटरचे आहेत. ती प्रथाही चालू आहे.

५/ पण घरगुती सेडानमध्ये शर्यतीची इंजिने आली कशी? त्याचे उत्तर नियमपुस्तकात आहे. टूरिंग कार शर्यतींत उतरायचे, तर ती मोटार ठरावीक संख्येने बनवून सामान्य ग्राहकांसाठी बाजारात आणणे कारखान्यावर बंधनकारक होते. याला होमोलोगेशन म्हणतात. शर्यतीत जिंकणारा भाग हवा असेल, तर तो आधी दुकानात मांडा, असा हा न्याय. त्यामुळे शर्यतीसाठी आखलेली यंत्रे दूध-भाजी आणणाऱ्या मोटारींत येऊन बसली.

६/ १९६३ ची लोटस कॉर्टिना हे या न्यायाचे गाजलेले अपत्य. फोर्डची साधी कॉर्टिना, तीत लोटसचे १५५८ घन सेंटिमीटरचे ट्विन-कॅम इंजिन. दारे, बॉनेट आणि डिकीचे झाकण ॲल्युमिनियमचे. मागे नेहमीच्या पाटा-स्प्रिंगांऐवजी कॉइल स्प्रिंग आणि ‘ए’ अक्षराच्या आकाराचा एक दांडा. जिम क्लार्कने १९६४ ची ब्रिटिश सलून कार स्पर्धा याच मोटारीवर जिंकली. कोपऱ्यावर तिचे पुढचे आतले चाक जमिनीवरून उचललेले असे, अशी छायाचित्रे आजही पाहायला मिळतात.

७/ रस्त्यावर मात्र त्या ‘ए’ दांड्याने मालकांना रडवले. त्याचा सारा ताण डिफरन्शियलच्या ॲल्युमिनियमच्या आवरणावर येई. बोल्ट ढिले होत, तेल पाझरे, ते तेल दांड्याच्या रबरी बुशांवर उतरे आणि बुश कुजत. बुश गेले की ताण आणखी वाढे. हे चक्र शर्यतीत फारसे जाणवत नसे, कारण तेथे प्रत्येक शर्यतीनंतर मेकॅनिक मोटार उचलून बोल्ट तपासत. घरच्या मालकाकडे ती व्यवस्था कोठून असणार? अखेर १९६५ मध्ये कारखान्याने तो दांडा काढून साध्या पाटा-स्प्रिंगा बसवल्या.

८/ आपल्या विषयाचे मर्म येथेच आहे. शर्यतीच्या मोटारीचे आयुष्य तासांत मोजतात. इतके तास झाले की भाग बदलायचा, मग तो तुटलेला असो वा नसो. रस्त्यावरच्या मोटारीचा भाग तुटेपर्यंत, निदान कुरकुर करेपर्यंत, चालवला जातो. होमोलोगेशनच्या सेडानमध्ये ही दोन्ही जगे एकाच पत्र्याखाली आली : भाग शर्यतीच्या वंशाचे आणि निगा मात्र घरगुती. मोटार नवी असते तोवर हा विसंवाद झाकलेला राहतो. वीस-तीस वर्षांनी तो उघडा पडतो.

९/ ऐंशीच्या दशकात ‘ग्रुप ए’ नावाचे नियम आले. बारा महिन्यांत ५००० मोटारी बनवा, मग शर्यतीत या. नार्दोवाली मर्सिडीज आणि १९८६ पासून रस्त्यावर आलेली बीएमडब्ल्यू एम३ ही या काळाची दोन नामांकित अपत्ये. मर्सिडीजच्या २.३ लिटर इंजिनाचा सोळा व्हॉल्व्हचा माथा इंग्लंडच्या कॉसवर्थ कंपनीने घडवला होता. रस्त्यावरील रूपात ताकद १८५ अश्वशक्ती. आजच्या मानाने आकडा साधा वाटेल; त्या काळी चार सिलिंडरांच्या कौटुंबिक सेडानसाठी तो मोठा होता.

१०/ एम३ च्या इंजिनाची हकिकत अधिक उद्बोधक आहे. पॉल रोशे यांच्या हाताखाली सहा सिलिंडरांच्या इंजिनाचा माथा दोन सिलिंडरांनी आखूड करून पहिला नमुना तयार झाला आणि तो जुन्या, खंबीर चार सिलिंडरी ठोकळ्यावर बसवला गेला. सहाऐवजी चारच सिलिंडर का? लांब क्रँकशाफ्ट जास्त फेऱ्यांवर पिळवटतो आणि थरथरतो. आखूड क्रँकशाफ्ट अधिक ताठ राहतो. म्हणजे ताकदीआधी टिकण्याचा विचार झाला होता.

११/ कारखान्याने त्या मोटारीत आणखी काय बदलले, ती यादी प्रत्येक हौशी मालकाने एकदा वाचावी. चाकांची बेअरिंगे मोठ्या ५-सीरिजमधून घेतली. चार नटांच्या चाकाऐवजी पाच नटांचे हब आले. ब्रेक मोठे झाले. पुढच्या चाकांची भूमिती बदलली. मागची काच आणि डिकीचे झाकण वाऱ्याच्या प्रवाहासाठी नव्याने आखले. साध्या ३-सीरिजशी बाहेरचे फारच थोडे पत्रे जुळत. इंजिन हा त्या यादीतील केवळ एक मुद्दा होता.

१२/ आता १२ मे १९८४ चा दिवस पाहा. नुरबर्गरिंगच्या नव्या, आखूड धावपट्टीचे उद्घाटन होते. मर्सिडीजने एकसारख्या १९० ई २.३-१६ मोटारी आणल्या आणि नामांकित चालकांना त्यांत बसवले. निकी लाउडा, ॲलन प्रोस्ट, जेम्स हंट, स्टर्लिंग मॉस, जॅक ब्रॅबम. पहिला आला तो फॉर्म्युला वनमध्ये नुकताच पाऊल टाकलेला एक तरुण ब्राझिलियन : आयर्टन सेना. दुसरा लाउडा. मोटारी बहुतांशी कारखान्यातल्याच होत्या. सुरक्षा-पिंजरा, शर्यतीचे आसन व पट्टे आणि काही मोजके बदल. फरक पाडला तो चालकाने.

१३/ पुढे नियमांनुसार ५०० मोटारींच्या ‘इव्होल्यूशन’ आवृत्त्या निघाल्या. मर्सिडीजच्या १९८९ आणि १९९० च्या दोन्ही इव्होल्यूशन प्रत्येकी ५०२. रॉबर्टो राव्हालियाने एम३ वर १९८७ ची जागतिक टूरिंग कार स्पर्धा जिंकली. क्लाउस लुडविगने १९९२ ची जर्मन टूरिंग कार स्पर्धा मर्सिडीजवर. नंतर नियम बदलले आणि हे युग आटोपले. शर्यतीतल्या मोटारी संग्रहालयांत गेल्या. रस्त्यावरच्या बहिणी मात्र माणसांच्या घरी राहिल्या आणि म्हाताऱ्या होऊ लागल्या.

१४/ आता नार्दोकडे परत येऊ, कारण त्या विक्रमातून एक चुकीचा धडा घेतला जातो. ‘जी मोटार आठ दिवस अशी धावली, तिला वीस मिनिटांचा ट्रॅक डे काय जड?’ नार्दोचे वर्तुळ सरळ रस्त्यासारखेच असते. तेथे वेग स्थिर, वारा स्थिर, तापमान स्थिर. ब्रेक लागत केवळ थांब्यावर. वळणावळणाच्या धावपट्टीवर याच्या उलट घडते : पूर्ण वेग, पूर्ण ब्रेक, वळण, पुन्हा पूर्ण वेग. प्रत्येक भागावर ताण येतो, जातो, पुन्हा येतो. धातू आणि रबर थकतात ते या ये-जा करणाऱ्या ताणाने.

१५/ थोडे गणित. १२०० किलोची मोटार ताशी १८० वरून ६० किलोमीटरवर आणली, तर सुमारे १३ लाख ज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन उतरते. तेवढ्या ऊर्जेत २० अंशांचे चार लिटर पाणी उकळीला येते. एका वळणासाठी चार लिटर. एका फेरीत अशी चार-पाच वळणे आणि एका सत्रात आठ-दहा फेऱ्या. ही सारी उष्णता चार डिस्कांना हवेत टाकायची असते.

१६/ म्हणून पहिली सुधारणा सर्वांत स्वस्त आहे : ताजे ब्रेक ऑइल. ते हवेतील ओलावा शोषते. डॉट ४ दर्जाच्या तेलाचा उत्कलनबिंदू कोरडे असताना किमान २३० अंश असावा लागतो. ओलावा मुरल्यावर प्रमाण केवळ १५५ अंशांचे आहे. तेल उकळले की नळीत वाफ होते. वाफ दबते, तेल दबत नाही. पेडल मऊ पडून तळाशी जाते आणि मोटार थांबत नाही. पाच वर्षे न बदललेले तेल बाजारात भाजी आणताना कधीच तक्रार करणार नाही. ते बोलेल ते तिसऱ्या फेरीत, सर्वांत वेगवान सरळ रस्त्याच्या टोकाला.

१७/ दुसरी पायरी रबराची. रबरी ब्रेक होज, कूलंटचे पाइप, इंधनाच्या नळ्या, सस्पेन्शनचे बुश. रबर किलोमीटरने म्हातारे होते, तसेच वर्षांनीही होते. त्यामुळे ‘फक्त चाळीस हजार चाललेली’ तीस वर्षांची मोटार फसवी असते. इंधनाची भेगाळलेली नळी तापलेल्या इंजिनाशेजारी म्हणजे आगीला आमंत्रण. बुश सैल झाले तर ब्रेक मारताना चाक स्वतःची दिशा शोधते. मग नवे महागडे शॉक ॲब्सॉर्बर बसवूनही उपयोग होत नाही, कारण ते ज्यावर उभे आहेत तेच हलते आहे.

१८/ तिसरी पायरी पाणी आणि तेल. १९९४ मध्ये एम३ प्रथमच चार दारांच्या सेडान रूपात आली. त्या पिढीच्या बीएमडब्ल्यूंमध्ये काही वॉटर पंपांचे पंखे प्लास्टिकचे होते. रेडिएटरची तोंडेही प्लास्टिकची. वयाबरोबर ती ठिसूळ होतात. याच पिढीची आणखी एक सुपरिचित खोड : इंजिनातील तेलपंप फिरवणाऱ्या दातेरी चाकाचा नट दीर्घकाळ जास्त फेऱ्यांवर चालवल्यास सैल होऊ शकतो. नट सुटला की तेलाचा दाब शून्य आणि काही क्षणांत इंजिन निकामी. उपाय काय? त्या नटाला विमानांत वापरतात तशी एक पातळ तार बांधणे.

१९/ पाहा, नार्दोचा डिस्ट्रिब्यूटर, कॉर्टिनाचा बोल्ट आणि हा नट. तीन दशके, तीन कारखाने, गोष्ट तीच. मोठे भाग क्वचित फसतात, कारण त्यांच्याकडे सर्वांचे लक्ष असते.

२०/ चौथी पायरी टायरची, आणि येथे सावध असावे. अधिक चिकट टायर लावले की मोटार वळणात वेग राखते. पण तो वाढीव जोर चाकाची बेअरिंगे, हब, बुश यांच्यावर जातो. लांब वळणात इंजिनाच्या तळातील तेल एका बाजूला लोटले जाऊन पंपाच्या तोंडाशी हवा येऊ शकते. म्हणजे एका सुधारणेने पुढच्या तीन गोष्टी मागितल्या. कारखान्याने एम३ ला आधी मोठी बेअरिंगे का दिली, ते येथे उमगते. ताकद वाढवणे शेवटच्या पायरीवर. आणि पहिल्या चार पायऱ्या नीट चढलेल्या अनेकांना तिची गरजच उरत नाही.

२१/ काही सवयी फुकट आहेत. सत्राची शेवटची फेरी ब्रेक न वापरता, हळू, थंड होण्यासाठी. थांबल्यावर हँडब्रेक ओढू नये. तापलेले पॅड डिस्कला चिकटून बसतात. चाकांचे नट दर सत्रानंतर पान्याने तपासावेत. आणि सर्वांत महत्त्वाचे : एक वही ठेवावी. कोणता भाग कधी बसवला, किती सत्रे झाली, कोणते तेल घातले. शर्यतीच्या संघाकडे असते ते ज्ञान घरगुती मोटारीला देणारी वही हीच एक वस्तू.

२२/ आता इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी खरा पेच. एम३ च्या त्या पहिल्या पिढीच्या सर्व मिळून १८ हजारांच्या आसपास मोटारी बनल्या. मर्सिडीजच्या इव्होल्यूशन तर काही शेकडा. अशी मोटार कापून तीत पिंजरा वेल्ड करावा का? की झाकून ठेवावी? एक बाजू म्हणते, हिचा जन्मच धावण्यासाठी झाला. दुसरी म्हणते, पुरावा एकदा नष्ट झाला की परत येत नाही. दोन्ही बाजू खऱ्या आहेत.

२३/ हा वाद आपल्याला परका नाही. चुन्यात बांधलेल्या किल्ल्याच्या तटाला सिमेंट लिंपले की तट ‘दुरुस्त’ दिसतो. पण मूळ बांधकाम गुदमरते आणि ते सिमेंट काढतानाही दगड जातो. जतनशास्त्राचा दंडक असा की केलेला बदल शक्यतो परत फिरवता यावा. मोटारीलाही तो लागू पडतो. पॅड, तेल, होज, टायर, बोल्टने बसणारे आसन हे सारे उलटवता येते. मूळ भाग काढाल तो चिठ्ठी लावून जपून ठेवा. करवत मात्र एकदाच चालते.

२४/ आपल्याकडेही हे युग सुरू झाले आहे. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई, कोइम्बतूरची कारी धावपट्टी, ग्रेटर नोएडाचे २०११ मधील बुद्ध सर्किट. या शतकाच्या आरंभी तेव्हाच्या औरंगाबादजवळ, शेंद्र्याला, स्कोडा ऑक्टाव्हिया जोडली जाऊ लागली. तिची १.८ लिटर टर्बो इंजिनाची, १५० अश्वशक्तीची आरएस आवृत्ती भारतीय हौशी चालकांत फार लाडकी ठरली. त्या मोटारी आता वीस वर्षांच्या आसपास आहेत. रबरी टायमिंग बेल्ट, टर्बोच्या नळ्या, बुश यांनी आपल्याकडचे वीस उन्हाळे सोसले आहेत. शिवाय मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ ध्यानात ठेवा : नोंदणीतील मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करून सार्वजनिक रस्त्यावर मोटार चालवता येत नाही. परत फिरवता येणाऱ्या बदलाचा आग्रह म्हणून आणखी महत्त्वाचा.

२५/ नार्दोच्या विक्रमाचे श्रेय आपण इंजिनाला देतो. पण ते इंजिन आठ दिवस धावू शकले, कारण कोणता टायर कधी बदलायचा, कोठे थांबायचे आणि सुटे भाग कोणते बाळगायचे, हे आधी कागदावर ठरले होते. विक्रमाचा तो अर्धा भाग कोणत्याही संग्रहालयात काचेआड दिसत नाही. जुनी मोटार घेऊन धावपट्टीवर उतरणाऱ्याला मात्र तोच अर्धा भाग वारशाने मिळालेला असतो. तो नीट सांभाळला, तर चालक संध्याकाळी सुखरूप घरी येतो आणि मोटार पुढच्या पिढीला पाहायला उरते.

तुमच्या घरातल्या जुन्या गाडीची सर्व्हिसची वही कोणी जपून ठेवली आहे का? असल्यास तिचे सर्वांत जुने पान कोणत्या वर्षाचे आणि त्यावर पहिली नोंद कशाची, ते खाली जरूर लिहा. 🙏